वगळलेल्या नोंदी

बोअरच्या पाण्याचा खारेपणा आणि गावातला किडनीचा आजार यांचा काही संबंध आहे का, हे मी संगणकावर तपासत होते. मूठभर तीळ सांडावेत तसे पडद्यावर ठिपके पसरले. ना रांग, ना दिशा. संबंध नाही! मला हायसं वाटलं.

मग खालची बारीक ओळ दिसली: ‘अपूर्ण नोंदी वगळल्या.’ त्या उघडल्या. सगळी सर्वांत खारट बोअरवरची माणसं. दुसऱ्या तपासणीचा रकाना कोरा. उरलेल्यांनाच विचारून आपण किती सहज निश्चिंत होतो.

तिथे घरोघरी फिरून आरोग्याच्या नोंदी घेणाऱ्या आशाताईंना फोन लावला. “ही माणसं दुसऱ्यांदा का आली नाहीत?”

त्या म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या यादीत ती अजून जिवंत आहेत होय?”

पडद्यावरचे तीळ आता तर्पणाचे दिसू लागले.