खमैस हलला होता

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या मासळीबाजारामागच्या हमामात खमैस लोकांच्या पाठी घासायचा. हातात खरखरीत मोजा चढवून तो माणसाला गरम दगडावर पालथा पाडी आणि मळाच्या वळ्या काढता काढता त्याच्या अंगावरच्या प्रत्येक गाठीचं निदान करी. "ही चरबी. राहू द्या." "हे गळू. ऑलिव्हचं तेल चोळा आणि भावाशी भांडण मिटवा." त्याची निदानं बहुतेक चुकत, पण ती फुकट असत, आणि ऐकणारा ओला, पालथा पडलेला असल्यामुळे वाद घालायच्या स्थितीत नसे.

इतरांना इतकं निरखणारा हा माणूस स्वतः मात्र त्या दगडावर कधी आडवा झाला नव्हता. घरी कडी लावून तो बादलीने आंघोळ उरकी. लग्नही केलं नव्हतं. हमामाचा मालक सी मुंजी विचारी, "काय रे, गावातल्या पोरी संपल्या का?"

"पाठी बघून बघून डोळे थकले, मालक. आता तोंड बघायची ताकद नाही," असं म्हणून खमैस हसण्यावारी नेई.

खरं कारण हरभऱ्याएवढं होतं. लहानपणी ते मोहरीएवढं होतं. शिश्नाच्या खालच्या अंगाला, बरोबर मधल्या रेषेवर, एक मऊ गाठ. दुखत नव्हती, खाजत नव्हती, नुसती होती. ती कुठून आली याबद्दल खमैसला तिळमात्र शंका नव्हती. सुंतेच्या दिवशी जरीचं जाकीट आणि लाल टोपी घालून त्याला बसवलं, तेव्हा न्हाव्याने दम दिला होता, "हलायचं नाही. हललास तर गाठ राहील." न्हावी प्रत्येक पोराला हेच सांगे. पण पोराचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर बायकांनी रिवाजाप्रमाणे मडकं फोडलं, त्या आवाजाने खमैस दचकला, आणि हलला. पुढे गाठ सापडली तेव्हा त्याने मुकाट्याने मान्य केलं, की चूक आपलीच.

असा तो पंचावन्न वर्षांचा झाला आणि शदलियाच्या प्रेमात पडला. शदलिया विधवा होती. हमामाच्या गल्लीत ती मोठ्या तव्यावर पिठाचे पापुद्रे करून विकायची. मांडेही जाड वाटावेत असे. खमैस रोज पापुद्रे घेई आणि उगाच रेंगाळे. शेवटी तीच म्हणाली, "अहो खमैस, रोज उंबऱ्यात उभे राहता, त्यापेक्षा आत येऊन बसा ना. रीतसर."

लग्न ठरलं. मग कुणीतरी आठवण करून दिली, की करारावर सही व्हायच्या आधी दोघांनाही डॉक्टरचा दाखला लागतो. शदलियाने तो लगेच आणला. खमैसला मात्र घाम फुटला. डॉक्टर तपासणार, गाठ दिसणार, दाखला नाकारणार आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार! मग सबबी सुरू झाल्या. डॉक्टर हजला गेलेत. दवाखान्याला रंग देताहेत. गुडघा धरलाय.

दुपारी हमामात बायकांची वेळ सुरू होते. एके दिवशी पुरुष बाहेर पडत होते, बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या, तेवढ्यात शदलियाने त्याला दारातच गाठलं.

"दाखला कुठंय?"

"शदलियाबाई, जरा हळू."

"का हळू? मला नकार द्यायचा असेल तर मोठ्याने द्या. या सगळ्यांना आमंत्रण गेलंय, नकारही सगळ्यांना ऐकू दे."

"नकार नाही हो. माझ्यात दोष आहे."

"ठाऊक आहे. घोरता, लसूण जास्त खाता आणि डॉक्टर नसून डॉक्टरकी करता. पुढं?"

"गाठ आहे," तो पुटपुटला.

"कुठं?"

खमैसने आधी आभाळाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आणि दोन्हींच्या साधारण मध्यावर काय येतं ते शदलियाला कळलं. मागच्या बायका एक पाऊल पुढे सरकल्या.

"तुम्ही काय बघताय? पाणी गार होतंय आत!" त्यांच्यावर खेकसून तिने खमैसची बाही धरली आणि त्याला थेट दवाखान्यात नेलं.

आत डॉक्टर ओल्फा बसल्या होत्या. बाई डॉक्टर! खमैस दारातूनच मागे फिरला, पण दारात शदलिया होती.

"बोला काका," डॉक्टर म्हणाल्या.

"मला काही नाही. माझ्या चुलतभावाला एक गाठ आहे."

"मग त्यांना पाठवा."

"तो फार लाजाळू आहे हो."

"बरं. दुखते का त्यांना? लघवीला त्रास? कधी लाल झाली, पू आला?"

"छे. लहानपणापासून नुसती बसून आहे. हल्ली जराशी वाढली."

"हे सगळं भावाने सांगितलं?"

"आम्ही फार जवळचे आहोत."

"दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "आता त्या चुलतभावाला पडद्यामागे जाऊन विजार उतरवायला सांगा."

दारापलीकडून शदलियाचा आवाज आला, "सांगा त्याला, मी इथंच बसलेय म्हणावं!"

डॉक्टरांनी गाठ बोटांनी चाचपली, उजेड पाडून पाहिली, मग वर गार चिकट काहीतरी लावून सोनोग्राफी केली. खमैसने डोळे मिटून कलमा पुटपुटायला सुरुवात केली. तेवढ्यात त्या हर्षाने उद्गारल्या, "अरे वा!" आणि शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना हाक मारली. "या, या! ही फारशी बघायला मिळत नाही."

ते आले, वाकले, म्हणाले, "सुरेख!" आपल्या त्या भागाला कुणी सुरेख म्हणेल अशी खमैसने कधी कल्पना केली नव्हती.

"कर्करोग का, बाई?" त्याने विचारलं.

"मुळीच नाही. नुसतं पाणी भरलेली पिशवी. आईच्या पोटात पुरुषाचं अंग मधोमध शिवलं जातं, तीच ही रेषा. तुमच्या शिवणीत कातडीचा एक कण आत अडकला. ना ती पसरेल, ना बायकोला लागेल. नको असेल तर काढून टाकू."

"पोटात?" खमैस कोपरावर उठला. "जन्माच्या आधी? सुंतेच्या वेळी नाही?"

"सुंतेचा इथं काही संबंध नाही."

"पण मी हललो होतो."

"काका, हलला नसतात तरी ती असतीच."

खमैस पुन्हा आडवा झाला. डोळ्यांतून पाणी कानांत उतरलं ते त्याने पुसलंही नाही. "म्हणजे चूक माझी नव्हतीच," तो छताला म्हणाला.

दाखला घेऊन तो बाहेर आला. शदलियाने त्याचा चेहरा पाहिला, मग कागद पाहिला.

"काढायची का?"

"कशाला? दुर्मीळ आहे. दोन डॉक्टर बघायला आले होते."

"चढला लगेच! चला, माझं पीठ आंबलं तिकडं."

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाच्या न्हाणाला हमामात सगळी मित्रमंडळी जमली, गाणी झाली, उदाचा धूर झाला. आणि खमैस पहिल्यांदाच त्या गरम दगडावर पालथा पडला. सी मुंजीने स्वतः मोजा चढवला. पाठीवर पहिला हात फिरताच खमैसला अशा गुदगुल्या झाल्या, की तो माशासारखा उसळला.

"अरे, हलू नकोस!" सी मुंजी ओरडला.

"हलणार!" दगडावर गाल टेकून खमैस म्हणाला आणि आणखी एकदा मनसोक्त वळवळला.