डाळिंबी चादर आणि माझा गाल

सोलापुरी चादरीचा रंग उडत नाही. तो मी उडवून दाखवला.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या चेहऱ्यावर ज्वारी पेरल्यासारख्या पुटकुळ्या आल्या होत्या. दिवाळीनंतर ताईचं लग्न ठरलेलं. मंद्रूपहून आत्या तयारीसाठी मुक्कामाला आली आणि तिनं पहिलं काम माझ्या तोंडाचं काढलं. कडुलिंबाचा पाला, मुलतानी माती, जायफळ! मी मैत्रिणीचं गोरं करणारं मलमही चोरून लावलं. पुटकुळ्यांना ते फारच मानवलं. त्या वाढल्या.

शेवटी आई मला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी शांतपणे सांगितलं, की नुसते काळे ठिपके, पू धरलेल्या पुटकुळ्या आणि आतल्या गाठी यांची औषधं वेगवेगळी असतात, मैत्रिणीचं मलम आपल्याला चालत नाही. गोरं करणाऱ्या मलमात तर बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. मग दोन ट्यूब दिल्या. रात्रीची, बुजलेली छिद्रं मोकळी करणारी; सकाळची, जंतू मारणारी. वाटाण्याएवढंच लावायचं, फरक पडायला दोनेक महिने लागतील. त्या आणखीही काही सांगत होत्या, पण मी भिंतीवरच्या नितळ गालाच्या बाईकडे बघत होते. (ती काय खात असेल, असा विचार चालू होता.)

वाटाण्यानं फरक पडतो तर लिंबाएवढ्यानं किती पडेल, हा हिशेब मी घरीच केला. गाल लाल झाले, मग उकडलेल्या बटाट्यासारखी सालं निघायला लागली. अशाच एका दुपारी, शेजारच्या मागांची खडखड ऐकत, ताईच्या सासरी द्यायच्या डाळिंबी चादरीच्या घडीवर गाल टेकून मी झोपले. (त्या आवाजात जी झोप लागायची, ती पुढे कुठल्याच गावात लागली नाही.)

चार दिवसांनी आईनं घडी बघितली. वरच्या बाजूला मोठा पांढुरका डाग, शेजारी एक छोटा. आईनं चादर उचलली आणि आई, आत्या, मी अशा तिघी राजय्यामामांच्या दारात. मामा शेजारीच राहायचे, चादर त्यांच्याच मागावरची होती. रंग कच्चा निघाला, असं आई म्हणाली तेव्हा मामांचा चेहरा पडला. ते आत गेले, त्याच रंगाचं सूत आणून सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकलं. पाणी स्वच्छच राहिलं.

"वैनी, रंग पक्का हाय," मामा म्हणाले. "तुमच्या घरात काय कच्चं हाय, ते बघा."

तरी त्यांनी दुसरी चादर दिली. त्यानंतर दोन्ही घरांतलं बोलणं थांबलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी माझी सालं बघून कपाळावर हात मारला आणि विचारलं, "टॉवेल, उशी पांढरीच वापरतेस ना? सकाळच्या मलमानं कपड्यांचा रंग जातो, सांगितलं होतं मी."

बाई माझे गाल बघत होत्या. आई माझा गळा बघत होती.

त्या संध्याकाळी आई पेढे आणि ती डागाळलेली चादर घेऊन मामांकडे गेली, मला पुढे करून. मामांनी डागाशेजारी माझा गाल धरून बघितला आणि इतके हसले, की माग बंद करावा लागला. दोन्ही घरं पुन्हा बोलायला लागली. मीही वाटाण्यावर आले आणि चेहरा हळूहळू निवळला.

लग्नाच्या गडबडीत आत्यानं रुखवतात नेमकी डागाळलेली चादर मांडली. बार्शीच्या विहीणबाईंनी ती सगळ्यांसमोर उलगडली. आई घडी घालायला पुढे धावली.

"ढगाचं डिझाईन का? नवीन दिसतंय," विहीणबाई म्हणाल्या.

"व्हय की," आत्या म्हणाली. "घरीच काढलंय. लई येळ लागतो."

संक्रांतीला आत्या पुन्हा आली होती, तेव्हा बार्शीहून फोन आला. विहीणबाईंच्या बहिणीला तश्शीच चादर हवी होती. आत्यानं फोन ठेवला, माझा स्वच्छ, नितळ चेहरा निरखला आणि खिन्न झाली.

"आता गं?" ती म्हणाली.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी आरशासमोर उभी राहून, एखादी तरी पुटकुळी सापडते का, ते शोधायला लागले.