दोन अक्षरं दाबायची आणि थांबायचं

महांतप्पांचा कॉम्प्युटर मी बिघडवला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं. बिघडलेल्या वस्तूला दुरुस्ती असते. नळदुर्गहून माणूस येतो, झाकण उघडतो, आत फुंकर मारतो आणि जातो. मी तो सुधारला. सुधारलेल्या वस्तूवर इलाज नाही.

झालं ते असं. मी निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, पण त्या काळात मला स्वतःला काही शिकायला सवड मिळाली नव्हती. निवृत्तीनंतर तुळजापूरला जाऊन तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. ज्ञान ताजं असलं की माणूस धोकादायक होतो, तसा मी झालो. जळकोटात कुणाच्या मोबाइलमध्ये काय अडलंय याचा वास काढत हिंडायला लागलो आणि हिंडता हिंडता हायवेच्या कडेला महांतप्पांच्या टायपिंगच्या दुकानात रोज टेकायला लागलो.

दुकान म्हणजे पुढं दहा बाय बाराची खोली, मागं घर. पुढं एक टेबल, एक बाक, एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटर इतका जुना, की चालू करून महांतप्पा आंघोळ उरकून येत आणि तो तोपर्यंत उठलेला नसे. त्यात सीडीवरून टाकलेलं लिहायचं जुनं सॉफ्टवेअर. दिवसातून दोनदा सगळं गोठायचं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी माझा लेख त्यांनी टाइप केला, साडेतीन पानं झाली आणि लाइट गेली. लेख माझ्या मते चांगला होता. आता ते कुणालाच कळणार नाही.

"महांतप्पा," मी म्हणालो, "सगळं जग ऑनलाइन लिहितंय. आपोआप साठतं. लाइट जाऊ दे, कॉम्प्युटर जळू दे, आपलं लिहिलेलं वर सुरक्षित."

"वर?"

"इंटरनेटवर."

"मग खाली म्या काय करू?" असं म्हणून ते टाइप करत राहिले.

त्यांचं टाइप करणं बघण्यासारखं होतं. पासष्टीचा माणूस, जाड चष्मा, टेबलाच्या कडेला पोट टेकवून बसलेला. दोन अक्षरं दाबायची, मग स्पेसची पट्टी, आणि दोन्ही हात कढईवरून उचलावेत तसे वर. क्षणभर थांबायचं. तेवढ्यात पडद्यावर 'मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय, तुळजापूर यांचे सेवेशी' एवढं सगळं आपोआप उमटायचं. पुन्हा दोन अक्षरं, हात वर, आणि 'वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की'. चाळीस ओळींच्या अर्जात त्यांची स्वतःची मजुरी जेमतेम दहा ओळींची.

ही सोय शिवकांताबाईंनी करून ठेवलेली. शिवकांताबाई म्हणजे महांतप्पांची बायको, माहेर सीमेपलीकडच्या आळंदचं. महांतप्पा मुळात टाइपरायटरचा माणूस. सोलापुरात शिकून आलेले, पट्ट्यातल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांच्या रेमिंग्टनवरून गेलेले. कॉम्प्युटर आला तेव्हा ते त्याला हात लावायला तयार नव्हते. बाईंनी आधी स्वतः क्लास लावला, मग नवऱ्याला बसवलं. नेहमीच्या वाक्यांची एकेक दोन अक्षरी खूण ठरवून सॉफ्टवेअरच्या यादीत भरली आणि मागं उभ्या राहून कानडीत शिकवलं, "ओंदु, एरडु, बिडु." एक, दोन, सोड. सोडलं की पुढचं यंत्र लिहितं. नवरा शिकला तो त्या तालावरच.

छापलेलं प्रत्येक पान त्या लाल पेननं तपासायच्या. गिऱ्हाइकासमोर नवऱ्याच्या वेलांट्यांच्या चुका काढायच्या. "बत्तीस वरसं बघतोय," महांतप्पा मला सांगायचे, "तिची एक चूक घावंना. मीठसुद्धा जास्त पडलं न्हाय हो कधी, की तेवढंच म्हणता यावं."

चार वर्षांपूर्वी शिवकांताबाई गेल्या. मूल नव्हतं. लाल पेन टेबलावरच्या डब्यात तसंच उभं राहिलं.

बाईंच्या यादीत एकच भानगड होती. 'जउ' दाबलं की यायचं 'जि. उस्मानाबाद'. त्या गेल्या आणि पुढं जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. यादीला ते कुणी सांगितलं नव्हतं. महांतप्पा रोज प्रत्येक अर्जावर 'जउ' दाबायचे, हात वर उचलायचे, 'जि. उस्मानाबाद' आलं की मोजून दहा वेळा खोडायचं बटण दाबायचे आणि हातानं 'धाराशिव' लिहायचे. गावात काहींना वाटे, यांना नवं नाव पटलेलं नाही. काहींना वाटे, जुनं खोडताना यांना मजा येते. महांतप्पा दोन्ही पार्ट्यांना चहा पाजायचे.

"अहो, यादीत एकदाच बदलून टाका," मी कितीदा तरी सांगितलं.

"बघू," ते म्हणायचे. "बोटांना व्यायाम व्हतो."

दिवाळीनंतर बाईंच्या भाच्याकडं बारसं निघालं. महांतप्पा दोन दिवस आळंदला गेले आणि मागच्या अंगणात येणाऱ्या चिमणीला पाणी ठेवायला म्हणून दुकानाची किल्ली माझ्याकडं देऊन गेले. चिमणीला मी पाणी ठेवलं. मग कॉम्प्युटरकडं बघितलं.

पहिल्या दिवशी त्यांच्या साऱ्या फाइली ऑनलाइन चढवल्या. चौदा वर्षांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. एक फाइल सोडली नाही. दुसऱ्या दिवशी मशीन पुसून कोरं केलं, नवी सिस्टीम टाकली, पडद्यावर तुळजापूरच्या देवळाच्या कळसाचा फोटो लावला. कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उठायला लागला. मी तो चार वेळा बंद करून चालू केला, नुसता बघायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी महांतप्पा आले. बाकावर आधीच कस्तुराबाई बसलेल्या, विहिरीच्या वीजजोडणीचा अर्ज घेऊन. सत्तरीच्या, पण तोंड पंचविशीचं. मी खुर्ची पुसून दिली. "बसा. आता गोठणं नाही, हरवणं नाही. लिहा."

महांतप्पांनी दोन अक्षरं दाबली. पट्टी दाबली. हात वर उचलले.

पडद्यावर नुसतं 'मत'.

ते थांबले. मला वाटलं विचार करतायत. पुन्हा दाबलं. 'मत मत'. हात वरच. कढई तापली की नाही ते कळत नसल्यासारखे.

"काय झालं?" मी विचारलं. "फाइली सगळ्या आहेत. मोजून घ्या."

"फाइली हैत," ते हळू म्हणाले. "म्या दोन अक्षरं म्हणायचो, गुरुजी. पुढचं ती म्हणायची."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फाइली फाइलींच्या जागी होत्या. यादी जुन्या सॉफ्टवेअरच्या पोटात होती आणि पोट मी धुऊन टाकलं होतं.

कस्तुराबाईंना सगळं कळलं नाही, पण पुरेसं कळलं. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "शाळंत पन असंच करत हुतासा व्हय? पोरानं लिवलेलं न वाचताच पाटी पुसायची?"

मी नळदुर्गच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं विचारलं, "फॉरमॅट कुणी मारलं?" मी म्हणालो, एका ओळखीच्यानं. तो म्हणाला, "मग त्या ओळखीच्याला सांगा, आता त्यातनं काही निघत न्हाय."

महांतप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पडद्यावर टॉवेल टाकला, टेबलाखालून रेमिंग्टन काढला, धूळ पुसली, फीत फिरवून बघितली आणि कस्तुराबाईंचा अर्ज खट् खट् करत पूर्ण हातानं लिहिला. खाली 'जि. धाराशिव' सरळ आलं. खोडावं लागलं नाही. तिथं त्यांची बोटं उगाच क्षणभर थांबली.

मी आठवडाभर दुकानाकडं फिरकलो नाही. घर तरी कुठं भरलेलं? मुलगा पुण्यात, बायको नातवासाठी तिकडं. संध्याकाळी भाकरी थापायला जमत नाही म्हणून मी पोळीचं पाकीट आणतो. त्या आठवड्यात मला कळलं, की जळकोटात मला टेकायला एकच जागा होती, आणि तिथं मी स्वतःच कुलूप लावून आलो होतो. दुपारी हायवेवरनं गाड्या जायच्या. त्यांच्या मधल्या शांततेत लांबून रेमिंग्टन ऐकू यायचा.

रिकामपणात मी त्या ऑनलाइन सॉफ्टवेअरचं खोदकाम सुरू केलं. कोर्समध्ये शिकवलं नव्हतं ते एका कोपऱ्यात सापडलं. त्यातही तशीच सोय होती. डावीकडं खूण लिहायची, उजवीकडं पूर्ण वाक्य. वाक्यं तर सगळी जुन्या अर्जांत होतीच. आता फक्त खुणा पाहिजेत.

आठव्या दिवशी शंभर पानी वही घेऊन दुकानात गेलो.

"महांतप्पा, तहसीलदारांची खूण मला कळली. 'मत'. 'विनंती अर्ज करतो की' याची कोणती?"

त्यांनी छताकडं बघितलं. "ठावं न्हाय."

"रोज दाबत होतात की!"

"दाबत हुतो. ठावं कशाला लागतंय?"

मला रडू येईना, म्हणून चहा मागवला. चहा पिता पिता ते मनाशी काहीतरी पुटपुटत होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता. मी टॉवेल काढला, कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. "डोळे मिटा," म्हटलं. "मी वाक्य म्हणतो. तुम्ही काही आठवू नका."

मी म्हणालो, "वरील विषयास अनुसरून."

"ओंदु, एरडु, बिडु," ते पुटपुटले आणि बोटं चालली. पडद्यावर 'वअ'. मी वहीत लिहून घेतलं.

"सदर जमिनीचा गट नंबर."

'सग'.

"मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की."

'सप'.

डोळे मिटलेले, चष्मा कपाळावर. त्यांना एकही खूण ठाऊक नव्हती आणि बोटांना एकही विसरलेली नव्हती. रोज दुपारी तासभर आम्ही हा धंदा करायचो. येणारी गिऱ्हाइकं दारात थबकायची. एक गुरुजी सरकारी वाक्यं मोठ्यानं म्हणतोय आणि एक म्हातारा डोळे मिटून उत्तर देतोय. कस्तुराबाई म्हणाल्या, "भजन हाय का व्हय? टाळ आनू का?"

तीन आठवड्यांत एकशे ब्याऐंशी खुणा जमल्या. काही गेल्या त्या गेल्याच, कारण त्यांची वाक्यं कुठल्या अर्जात नव्हती आणि महांतप्पांना म्हणता येत नव्हती.

शेवटून दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "माझ्याकडची वाक्यं संपली. अजून काही राहिलं असलं तर तुम्ही सांगा."

त्यांनी कीबोर्डवर 'जज' दाबलं. मी थांबलो.

"पुढं काय यायचं?"

"आता काय सांगायचं तुमाला," म्हणून त्यांनी डब्यातलं लाल पेन काढून पुन्हा डब्यात ठेवलं. "बारा वाजता दाबायचो. ती म्हायेराला गेली की म्या जेवायचं इसरायचो, म्हून भरून ठिवलं हुतं तिनं. 'उठा आता, भाकरी गार होतीय.'"

"आणि त्या गेल्यावर?"

"तरी पन दाबायचो की. जेवाया तर लागतंच."

चार वर्षं हा माणूस रोज बारा वाजता ते दाबत होता, वाचत होता, आणि उठून मागच्या रिकाम्या घरात जात होता. मी पलीकडच्या बाकावर बसून त्याला सॉफ्टवेअर बदलायचे फायदे समजावत होतो. ते वाक्य मी दुसऱ्याच्या घरात चपला काढून जावं तसं वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळी यादी भरायला बसलो. मी वहीतून वाचायचो आणि टाकायचो, महांतप्पा शेजारी बसून प्रत्येक खूण स्वतः दाबून बघायचे. 'मत' दाबलं, हात वर, तहसीलदार साहेब हजर. 'वअ', हात वर. प्रत्येक वेळी वाक्य उमटलं की ते किंचित मान हलवायचे, कुणी हाक मारल्यावर हलवतात तशी. मध्येच बारा वाजले. त्यांनी 'जज' दाबलं, वाचलं, आणि निमूट आत जाऊन भाकरी खाऊन आले. येताना माझ्यासाठी एक आणली, वर शेंगाची चटणी. पाकिटातल्या पोळीबद्दल त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं.

चारच्या सुमाराला वहीच्या शेवटच्या पानावर आलो. 'जउ'. मला झालेल्या गुन्ह्याची जरा भरपाई करायची होती आणि ही संधी तर समोरच होती.

"हे बघा," मी उत्साहानं म्हणालो, "यादी नवीनच करतोय, तर इथं सरळ 'जि. धाराशिव' टाकतो. रोजचं दहा दहा वेळा खोडणं तरी वाचेल तुमचं."

महांतप्पांनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला.

"तिचं तसंच ठिवा, गुरुजी, खोडायचं काम माझं हाय."