निवड न झाल्याचा सत्कार

मला कायमची नोकरी नाकारण्यात आली, आणि त्याच आठवड्यात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार, सगळं रीतसर.

कर्जतजवळच्या एका शाळेत मी काही वर्षं तासिका तत्त्वावर खेळ शिकवत होते. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यांचंच मानधन, आणि सुट्टी लागली की तुम्ही कोणीच नाही. माझा खेळ बेसबॉल. संस्थेला तो आवडायचा, कारण तालुक्यात संघच कमी. एखादा सामना जिंकला की पोरं थेट जिल्ह्याला जातात, आणि तिथून पुढे गेली की दहावीला खेळाचे वाढीव गुण. मला तो आवडायचा कारण त्यात उभं राहून चालत नाही. भात कापून झालं की शेजारच्या मोकळ्या खाचरात आमचा सराव चाले. तूस भरलेल्या गोणी हे आमचे बेस, म्हणजे धावत गाठायचे थांबे. चेंडू झेलायचे हातमोजे एकाच संघाला पुरतील एवढेच; डाव बदलला की एका बाजूने ते जमिनीवर ठेवायचे, दुसऱ्या बाजूने उचलायचे. पोरांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की जिल्ह्याच्या सामन्यातही त्यांनी आपले हातमोजे समोरच्या संघासाठी खाली ठेवले. समोरचे बघतच राहिले.

कायम पद भरायचं ठरलं तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, जिल्ह्याला जाणाऱ्या संघात दोन नावं वाढवा."

दोन्ही मुलं दहावीची. एक संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा भाचा, दुसरा त्याचा मित्र. दोघांनी आमचं खाचर लांबूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

"सर, ती खेळत नाहीत."

"त्यांना यादीत खेळायचंय. मैदानावर कोण म्हणतंय?"

मी नाही म्हटलं. त्या दोन नावांसाठी रोज सकाळी थंडीत येणाऱ्या दोघांना बाहेर बसवावं लागलं असतं, आणि ते मला जमणार नव्हतं. सर रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला. आमच्याकडे नकार द्यायचा ठरला की आधी चहा येतो.

पद दुसऱ्या एका सरांना मिळालं. ते लेझीम फार छान बसवतात, सव्वीस जानेवारीला त्याचा उपयोग होतो, आणि माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. भांडण आहे ते पुढे जे झालं त्याच्याशी. डिसेंबरात स्नेहसंमेलन होतं. त्याच व्यासपीठावर नव्या सरांचं स्वागत झालं आणि पाठोपाठ 'शाळेसाठी दिलेल्या योगदानाबद्दल' माझ्या खांद्यावर शाल पडली. ज्याला हक्काचं काही द्यायचं नसतं त्याला आपल्याकडे शाल देतात. मी ती घेतली, कारण समोर माझी पोरं बसली होती आणि शिट्ट्या मारत होती. फोटो निघाले. रात्रीपर्यंत ते तालुकाभर फिरले. फोटोखाली एवढंच लिहिलेलं, 'आपल्या लाडक्या क्रीडाशिक्षिकेचा सन्मान.'

तिसऱ्या दिवशी आमच्या गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. पळसदरीहून आत येणाऱ्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला चुकवता येणार नाही असा. मधोमध मी, शालीत, नारळ धरून. वर ठळक अक्षरांत: 'कायमस्वरूपी क्रीडाशिक्षिकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली मंडळाची सगळी पोरं गॉगल लावून, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठा फोटो माझ्या चुलत भावाचा.

मी त्याला तिथेच धरलं. "अरे, काय लावलंस हे?"

"ताय, फोटो कसा झकास आलाय बघ!"

"माझी निवड झाली नाय रं. दुसऱ्याची झाली."

तो फ्लेक्सकडे बघत राहिला. "मंग शाल कशाची?"

"निवड नाय झाली त्याची."

"आसं कुठं आसतं व्हय?" तो खरंच गोंधळला होता. मला त्याच्यावर रागावता येईना. चूक त्याची नव्हतीच. शाल, नारळ आणि फोटो एकत्र दिसले की कोणीही हेच समजेल.

"काढ तो."

"दोन दिस राहू दे गं. पोरांनी वर्गनी काढलीय. आनि तुझ्यासंगं माझा पन फोटो उतरंल की!"

घरी आले तर शेजारच्या काकू ओट्यावर पेढे मागत बसल्या होत्या. आईने त्यांना गूळ-शेंगदाणे देऊन परत पाठवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी आधीच अर्ज केला होता. खोपोलीच्या अलीकडे, पटांगण मोठं, आणि त्यांना खेळासाठी वर्षाच्या करारावर माणूस हवा होता. मुलाखत आठवड्यावर आली होती. तिथल्या क्लार्कचा फोन आला.

"मॅडम, अभिनंदन. तुमचं नाव आम्ही कमी केलंय."

"का?"

"तुमचं झालंय ना तिकडे? आमच्या अध्यक्षांनी येता-जाता फ्लेक्स बघितला. म्हणाले, हातची कायम नोकरी सोडून करारावर कोण येणार? उगाच आमचं नाव सांगून तिकडे पगार वाढवून घेतील."

मी सांगितलं, तो फ्लेक्स खोटा आहे. क्लार्क म्हणाला, "मॅडम, फ्लेक्स खोटा असतो का? एवढा खर्च करून?" मग जरा नरमून म्हणाला, "मी साहेबांना सांगतो. पण ते ऐकतील असं वाटत नाही."

मग मला एकच गोष्ट सुचली. माझ्या घरात वाढलेल्या कोणालाही तीच सुचली असती.

माझे वडील खोपोलीच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. गावात शेती, कारखान्यात पाळी, आणि उरलेल्या वेळात पत्रक. वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर असायचे. मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवली, त्यांचीच कव्हरं पुस्तकांना घातली. भाकरीच्या टोपलीत फडक्याखाली पत्रक असायचं. 'ताई' आणि 'बाबा' या शब्दांच्या आधी मला 'कामगार बंधूंनो' वाचता यायला लागलं होतं. गोष्ट खरी असेल तर ती छापायची, आणि छापली की स्वतःच्या हाताने वाटायची, हे मला कोणी शिकवलं नाही. ते घरात होतंच, चुलीच्या धुरासारखं.

रात्रीच्या जेवणाआधी मी पत्रकाचा मसुदा लिहून वडिलांपुढे ठेवला. त्यात अन्याय होता, मक्तेदारी होती, गुणवत्तेची गळचेपी होती, कष्टकऱ्यांच्या लेकरांचा आक्रोश होता. वडिलांनी चष्मा लावून वाचला आणि पेन मागितलं.

"हे काढ. हे काढ. हे पन काढ, बाय."

"खरं आहे ते सगळं!"

"खरं हाय. पन वाचनारा म्हनंल, ही रडतेय. तुला पायजे काय?"

"काम."

"मंग ते कुठं लिवलंस?"

मी शोधलं. कुठेच नव्हतं.

आई भाकरी थापता थापता ऐकत होती. "लोक निवड झाली म्हनून गावभर सांगतात. आमची पोर निवड नाय झाली म्हनून कागद वाटनार! उद्या कोन बघायला आलं तर काय सांगू गं?"

"त्यांना पण एक दे," मी म्हटलं.

"बघा! बापाची जीभ घेतलीय."

"जीभ तुझी हाय," वडील म्हणाले. "माझा नुसता कागद."

शेवटी राहिलं ते इतकंच:

'जाहीर खुलासा. नाक्यावरच्या फ्लेक्सवर लिहिलं आहे तशी माझी निवड झालेली नाही. मी मुलामुलींना बेसबॉल शिकवते आणि चांगलं शिकवते. मला काम हवं आहे. जो मैदानावर येईल त्याचंच नाव माझ्या संघात जाईल.'

खाली नाव आणि फोन. 'चांगलं शिकवते' हे वडिलांनी काढलं नाही, मी विचारलं तर म्हणाले, "ते विशेषन नाय, माहिती हाय."

कर्जतच्या एका छापखान्यात दुपारी कागद हातात आले. मी आधी कर्जतच्या बाजारात वाटले, मग खोपोलीला. पत्रक वाटणाऱ्याकडे लोक बघत नाहीत, त्याच्या हाताकडे बघतात. एका गृहस्थांनी न वाचताच विचारलं, "किती टक्के सूट?" एका दुकानदाराने मात्र पूर्ण वाचलं.

"बेसबॉल म्हणजे ती गाडीत सीटखाली ठेवतात ती दांडी ना?"

"तीच. पण त्याने चेंडू पण मारता येतो."

"हात्तिच्या! मग आमच्या पोराला पाठवतो. घरी दांडी हायच."

संध्याकाळी जुन्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही संस्थेची बदनामी चालवली आहे."

"सर, पत्रकात संस्थेचं नावच नाही."

"तरी लोकांना कळतंच ना!"

"ते मग माझ्यामुळे नाही."

त्यांनी फोन ठेवला. मला त्या रात्री छान झोप लागली.

सकाळ होताच मी खालापूरच्या त्या शाळेसमोर जाऊन उभी राहिले. शिक्षकांना पत्रक दिलं, क्लार्कला दिलं, आणि गाडीची काच खाली करून "काय आहे?" असं विचारणाऱ्या पांढऱ्या मिशीच्या माणसालाही दिलं. तेच अध्यक्ष होते, हे मला क्लार्कच्या चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी क्लार्कचाच फोन आला: मुलाखतीला या, आणि डेमो द्यायच्या तयारीने या.

मुलाखतीत अध्यक्ष होते, मुख्याध्यापिका होत्या आणि एक सदस्य होते, ते सगळा वेळ मोबाइल बघत बसले. अध्यक्षांनी पत्रक टेबलावर सरळ करून ठेवलं.

"शेवटचं वाक्य कोणी लिहून दिलं?"

"मी लिहिलं. माझी आधीची नोकरी त्याच वाक्यावर गेली."

"म्हणजे आमच्या दहावीच्या मुलांना गुण मिळणार नाहीत?"

"खेळतील त्यांना मिळतील."

"आणि समजा, एखाद्याचे पालक शाळेला मदत करणारे असतील?"

"त्यांची मुलंही धावू शकतात की, साहेब."

मुख्याध्यापिका खिडकीकडे बघून हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. "चला, पटांगणावर बघू," म्हणाले.

नववीचा वर्ग बाहेर आला, मुलं-मुली दोन्ही. खुर्च्या झाडाखाली मांडल्या गेल्या. मी बेसच्या जागी दप्तरं ठेवली, खेळ चार वाक्यांत सांगितला आणि सुरू केला, कारण सांगून कोणी शिकत नाही. पहिल्याच मुलाने चेंडू सणसणीत मारला आणि बॅट हातात घेऊनच धावत सुटला. पहिल्या बेसजवळ पोचताच तो वाकला, लांबूनच बॅट पुढे सरकवून तिचं टोक दप्तराला टेकवलं आणि थांबला, अगदी क्रीजमध्ये पोचल्यासारखा. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एका मुलीने चेंडू अडवून फेकला, दप्तरापाशी उभ्या असलेल्या मुलीने तो झेलला आणि दप्तरावर पाय ठेवला.

"आउट!" मी म्हटलं.

"मॅडम, बॅट टेकली ना!"

"बॅट तिथेच टाकून यायची. इथे पाय लागतो. तुझा."

"पण आधी टेकली!" अर्धा वर्ग ओरडला.

झाडाखालून अध्यक्षांचा आवाज आला, "टेकली की हो मॅडम! मी बघितली!"

मुख्याध्यापिकांनी हातातली फाइल घट्ट धरली. मला एवढंच दिसत होतं की चेंडू फेकणारी ती मुलगी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघते आहे.

"साहेब, बॅट टेकली, बरोबर. पण या खेळात पाय टेकावा लागतो. तो आउट आहे."

"अहो, पहिलाच बॉल आहे. द्या त्याला एक चान्स."

"मग त्या मुलीने चेंडू फेकला त्याचं काय करू?"

मुलगा कुरकुरत बाजूला झाला. पुढच्या मुलीने मारलं, बॅट भिरकावली आणि अशी पळाली की दप्तर पायाखाली घसरून लांब गेलं. सेफ. मग कोणी पहिल्या बेसऐवजी तिसऱ्याकडे धावलं, कोणी चेंडू न मारताच धावत सुटलं, आणि तोवर अध्यक्ष खुर्ची सोडून रेषेपाशी आले होते. "पाय! पाय टेक!" असं ते एका मुलाला ओरडून सांगत होते. त्या मुलाने बॅट टाकली होती, पण तो बेसच्या एक वीत अलीकडे थांबला होता. आउट.

घंटा झाली. कोणी वर्गात जाईना.

अध्यक्ष माझ्याजवळ आले. "आमचं ठरलं की कळवतो."

"इथेच सांगितलंत तर बरं होईल, साहेब. मला आणखी दोन शाळांकडे जायचंय."

ते खरं होतं. पत्रकामुळे नेरळहून एक फोन आला होता, आणि कर्जतहून एक.

त्यांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मला तर त्या सोमवारपासून हव्यात."

"एका वर्षासाठी," अध्यक्ष म्हणाले. "पुढचं पुढे बघू."

"चालेल. वर्षानंतर मीही बघेन."

या वेळी ते हसले, आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "यादीबद्दल तुम्हाला फोन येतील, बरं का. कधी माझाही येईल."

"या ना साहेब. सकाळी सात वाजता पटांगणावर असते मी. त्या मुलालाही घेऊन या."

मागून पोरांचा आरडाओरडा वाढला होता. दोनच बाद झाले होते, डाव संपायला तिसरा हवा होता, आणि बॅट कोणी घ्यायची यावरून भांडण जुंपलं होतं. मी मुख्याध्यापिकांना विचारलं, आणखी थोडा वेळ मिळेल का? त्यांनी मान हलवली. मी पुन्हा मैदानात गेले.