पदराखालचं डोकं

“टायफॉइड आहे,” रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. “महिना लागेल. पातळाशिवाय पोटात काही जाता कामा नये.”

टायफॉइड म्हणजे आतड्याचा ताप. तो चढत जातो आणि तीन-तीन आठवडे उतरायचं नाव घेत नाही. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत मी आणि हे, दोघंच. हे मालधक्क्यावर कारकून. सकाळी माझ्या उशाशी पेज ठेवून जात ते संध्याकाळीच येत. दिवसभर घाट चढून आलेल्या मालगाड्या मोजत मी पडून असे.

ताप गेला, आणि दोन महिन्यांनी केस गेले. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. दुखत नाही. फणी फिरवली की मूठभर हातात येतात, बस. आठवड्याभरात डोक्यावर चार बटा राहिल्या. त्या मीच कात्रीने कापून टाकल्या.

“टायफॉइडनंतर होतंच हे,” डॉक्टर म्हणाले. “परत येतील. धीर धरा.”

धीर धरायला माझी हरकत नव्हती. पण आमच्यात बाईचं डोकं बोडकं असलं, की त्याचा एकच अर्थ होतो.

एका सकाळी न्हाऊन मागच्या दारी उन्हात बसले होते. कुंकू लावायचं होतं. तेवढ्यात आंदर मावळातली सखूबाई दूध घेऊन आली. तिने मला पाहिलं, कासंडी खाली ठेवली आणि माझ्या गळ्यातच पडली.

“अगं माझ्या बये! कवा झालं गं हे? लय देवमानूस व्हता गं तुजा मालक!”

देवमाणूस तोंडात राखुंडी घेऊन दारात उभा राहिला. सखूबाई किंचाळली. हे हसले, मग तीही हसली. मीसुद्धा हसले. त्यानंतर पंधरा दिवस मी दार उघडलं नाही. दुधाचं भांडं हेच घेत.

चैत्रात शेजारच्या गोदूताईंचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. “जा,” हे म्हणाले. “किती दिवस माझ्याशीच भांडशील?” यांना हसायला काय जातं! तरी गेले. पदर भुवयांपर्यंत ओढून कोपऱ्यात बसले. पन्ह्याचा पेला घ्यायला वाकले आणि पदर घसरला.

गोदूताईंची पाहुणी कुंकवाची कोयरी घेऊन माझ्यापुढेच आली होती. पदराने माझं कुंकू केव्हाच पुसलं होतं. तिने माझं डोकं पाहिलं. गळ्यातलं मंगळसूत्र पाहायला ती थांबली नाही, शेजारणीकडे सरकली.

मला बोलता आलं असतं. मी नुसता पदर पुन्हा पुढे ओढला. ओळखीच्या बायांनी भरलेल्या त्या खोलीत मी तापात नव्हते एवढी एकटी होते.

उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे गोदूताईंच्या आत्याबाई डाळीसाठी कैऱ्या किसत होत्या. विधवेचं तांबडं लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर. कुंकवाच्या दिवशी त्या उंबऱ्याबाहेर येत नसत.

“तू इथे कशी?”

“मला वगळलं,” म्हणाले आणि रडू आवरेना.

त्यांनी हात पुसले, माझा पदर मागे सारला आणि तळवा डोक्यावरून हळूच फिरवला.

“आलेत गं. मऊ आहेत अगदी.”

मग, असल्या दिवशी कधी आवाज न काढणाऱ्या आत्याबाई मोठ्याने ओरडल्या, “गोदे! हिला कुंकू लावायचं राहिलंय!”

गोदूताई धावत आल्या, मला हाताला धरून बाहेर नेलं आणि ठसठशीत कुंकू लावलं. पाहुणी ओशाळली. मी इतकी सुखावले, की मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

तुमच्यावर ही वेळ आली, तर डॉक्टर खरं सांगतात एवढं लक्षात ठेवा. दिवाळीपर्यंत माझे केस कानाखाली आले. पुढच्या चैत्रात वेणी झाली.

त्या वर्षी मी कुंकवाच्या आधीच आत्याबाईंजवळ जाऊन बसले आणि कैऱ्या सोलायला घेतल्या. त्यांनी माझी वेणी हातात घेतली, शेवटपर्यंत चाचपली.

“छान वाढलेत हो,” म्हणाल्या.

मी पुढची कैरी उचलली.

“उद्या माझा न्हावी यायचाय,” असं म्हणून त्यांनी वेणी माझ्या पाठीवर नीट सोडली आणि कैरी किसायला घेतली.