हिला दिसेल असा लिनक्स

मी रिटायर झाल्यावर चौथ्या वर्षी आमच्या हिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. कडेकडेचं दिसायचं, बरोबर मधलं पुसल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, आहे ते सांभाळा, गेलेलं परत येणार नाही. स्वयंपाक ती अंदाजाने करायची, सरोजिनी नगरला राहायला गेलेल्या, बहिणीसारख्या एका जुन्या शेजारणीकडे शेअरच्या टेम्पोने एकटी जायची. गेलं ते वाचन. ही मॅट्रिक झालेली, मी चौथी. लखनऊत मराठी छापलेलं हाताला लागायचं नाही, तरी पोस्टाने येणारं मासिक ती जाहिरातींसकट वाचायची. आता मासिक यायचं आणि फ्रीजवर पडून राहायचं.

मी म्हटलं, मी वाचून दाखवतो. दोन दिवस तिने ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, राहू द्या. तुम्ही वाचता म्हणजे मालगाडी घाट चढते. वर पोचेस्तोवर खालचं विसरायला होतं."

मासिक मिटून मी गच्चीवर गेलो. आठ दिवस मासिकाला हात लावला नाही. राग तिचा नव्हता. ती खरं बोलली होती, याचा होता.

पुण्याला असलेल्या आमच्या मुलीने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना आमच्याकडे टाकून गेली. ती इथेच लखनऊत, आलमबागेत वाढलेली, मराठी सगळी कळते, बोलते हिंदी. फोनवर म्हणाली, "बाबा, उसपे मराठी पेपर खुलता है. अक्षर जितना चाहो बड़ा कर लो. आई पढ़ लेगी." आई पढ़ लेगी, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. पण लॅपटॉप चालू व्हायला चहा होऊन पिऊन व्हायचा, आणि चालू झाला की नको त्या जाहिरातींच्या खिडक्या उघडायच्या. चारबागच्या बाजारात एका दुकानात नेला. दुकानदाराने झाकण उचललं, बटण दाबलं, दोन मिनिटं थांबला.

"अंकल, इसका टाइम पूरा हो गया. नया ले लीजिए."

"खोलके देखा?"

"खोलना क्या है, अंकल!"

लॅपटॉप पिशवीत घातला आणि परत आलो. रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो आणि फिटर म्हणून बाहेर पडलो. न उघडता इंजिन भंगारात काढणारा माणूस मी मानला नाही, तर याला काय मानणार.

आमच्या मराठी मंडळात एक शास्त्रज्ञ बाई येतात, इथल्या एका संशोधन संस्थेत आहेत. हिला बघायला घरी आल्या तेव्हा त्यांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी मात्र मागचे स्क्रू काढले, फुंकर मारून धूळ उडवली, बघितलं. म्हणाल्या, "काका, मशीन चांगलं आहे. आतली सिस्टिम म्हातारी झालीय. ती काढून लिनक्स टाका."

लिनक्स म्हणजे काय ते त्यांनी मला माझ्या भाषेत सांगितलं. चेसिस एकच, पण वेगवेगळ्या वर्कशॉपवाल्यांनी त्यावर आपापला डबा बांधलाय. कोणाचा हलका, कोणाचा देखणा, कोणाचा ऑफिसच्या कामाचा. सगळे फुकट. आणि मला पटलं ते हे, की मशीनमध्ये काही न बदलता, पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. म्हणजे आधी ट्रायल, मग सही. अशी चीज मी पहिल्यांदाच बघत होतो.

"वापरायला सोपे आणि दिसायला बरे असे तीन आणते," बाई म्हणाल्या. "पण काका, बसून बघायला काकूंना लावा हं."

"हो हो," मी म्हटलं.

तीन पेन ड्राइव्ह आले. इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी त्यांना रंगावरून ओळखायला लागलो. जांभळा, राखाडी, निळा. तिघांनीही आधी भाषा विचारली, आणि त्या यादीत 'मराठी' होतं. चाळीस वर्षं या शहरात मी फॉर्म हिंदीत भरले, पाट्या हिंदीत वाचल्या. इथे विचारलं गेलं, तेव्हा मी तो शब्द थोडा वेळ तसाच ठेवून बघत बसलो, मग दाबला.

जांभळा दिमाखदार, पण लॅपटॉपला झेपेना. पंखा असा ओरडायला लागला की बंद केला. राखाडी एकदम भुरकट. रेकॉर्ड रूममधलं लोखंडी कपाट असतं तसा. जाडजूड चौकोन, काळ्या रेघा. त्याला मी अर्धा तास दिला. आणि निळा! मागे डोंगरातलं तळं, खिडक्या काचेसारख्या, खाली चित्रांची ओळ सराफाच्या शोकेससारखी. बाण जवळ नेला की चित्र फुगायचं, बाजूला नेला की बसायचं. माझी त्यावरून नजर हलेना. हिला असं काही मिळालं पाहिजे, असं वाटलं. आयुष्यभर रेल्वे क्वार्टरच्या पिवळ्या भिंती बघितल्या बिचारीने.

मग मी एका रविवारी, ही शेजारणीकडे गेलेली असताना, निळा कायमचा बसवला. लॅपटॉपमधले मुलीचे फोटो बाईंनी आधीच दुसरीकडे काढून ठेवले होते. सगळं पुसू का, असं मशीनने विचारलं. पुस, म्हटलं. क्वार्टर मी ठरवलं, मुलीची शाळा मी ठरवली, रिटायर झाल्यावर लखनऊतच राहायचं तेही मीच ठरवलं होतं. त्यात हे काय मोठं.

ती आली. मी खुर्ची ओढली, मराठी पेपर उघडून दिला, अक्षर मोठं कसं करायचं ते बटण बोटाला दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली.

"दिसतंय ना?"

"दिसतंय की."

त्यानंतर रोज दुपारी ती लॅपटॉपसमोर बसायला लागली. संध्याकाळी बातम्या सांगायची. नाशकाकडे गारपीट झाली, अमक्या गावात शाळेचं छप्पर उडालं. मी मंडळात सांगत सुटलो. लोक म्हणाले, वा काका, इस उमर में! मीही छाती काढून ऐकून घेतलं.

साताठ दिवसांनी दुपारी मी गच्चीवरून खाली आलो. ही पाठमोरी बसलेली, मान किंचित पुढे, बोट त्या बटणावर. मी चपला काढून मागे जाऊन उभा राहिलो. पडदा काळा होता. वीज वाचवायला तो आपोआप विझतो, हे मला माहीत होतं. ती त्या काळ्या पडद्याकडे बघत बसली होती आणि मधूनच मान हलवत होती, वाचणारा हलवतो तशी.

मी परत दारापर्यंत गेलो, खोकलो, आणि मग आत आलो.

रात्री जेवताना विचारलं, "बातम्या कोण सांगतं तुला?"

तिने भाकरी मोडली. "फोनवर सांगते ना आपली पोर. सकाळी तुम्ही दूध आणायला जाता तेव्हा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"चार दिवस त्याच्याशी झटत होतात. आणि अहो, तुम्हाला सांगून आजवर काय बदललंय?"

तिने हे टोचून म्हटलं नाही. माझं ताट तसंच राहिलं.

शेडमध्ये एक पद्धत होती. ड्रायव्हर गाडी आणून लावायचा आणि मोठ्या वहीत इंजिनाचे बिघाड लिहायचा. बुकिंग म्हणायचो आम्ही. फिटरला ते कधी आवडायचं नाही. आम्ही ठाकठीक करून दिलेल्या इंजिनाला हा नावं ठेवतो! पण गाडी तो चालवणार. त्याने लिहिलं की ते दुरुस्त केल्याशिवाय इंजिन बाहेर पडायचं नाही, मग फिटर कितीही जुना असो. मी चौतीस वर्षं ते पाळलं. घरी एकदाही पाळलं नव्हतं.

सकाळी एक कोरी वही आणि जाड स्केचपेन तिच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"बुकिंग कर. तू ड्रायव्हर. काय काय खराब आहे ते लिही."

"सगळं लिहू?"

"सगळं."

"राग येईल."

"येऊ दे. तो माझा मी बघीन."

तिने कडेच्या नजरेने, मान तिरकी करून, एका पानावर चारच शब्द मावतील एवढं अक्षर काढलं. पाच पानं भरली. बाण सापडत नाही. खालची चित्रं हलतात, पकडता येत नाहीत. काचेतून मागचं दिसतं, अक्षर बुडतं. पांढऱ्याने डोळे दिपतात. तळं नको. मी ती पाच पानं अक्षर लावत वाचली, आणि तळ्यापाशी थांबलो. तळ्यासाठीच तर मी निळा घेतला होता.

"तळंही नको?"

"मला तिथे नुसता डाग दिसतो हो."

बाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "आता राखाडी लावून बघा. माझ्यासमोर नको, त्यांच्यासमोर." राखाडीत रंग उलटे करता येत होते: काळ्यावर पिवळं अक्षर. बाण अंगठ्याएवढा करता येत होता. काही हलायचं नाही, फुगायचं नाही. मी बसवला, आणि या वेळी खुर्चीवर ती होती, मी बाजूला उभा. एकेक गोष्ट बदलायची, तिला विचारायचं, ती "अजून" म्हणायची, नाहीतर "मागे". दोन तास गेले. ते कपाट मला आजही कुरूप दिसतं.

मग ती वाचायला लागली. मोठ्याने. मी काही म्हटलं नव्हतं. जळगावच्या केळीच्या भावाची बातमी होती, आमच्या दोघांच्याही कामाची नाही. पहिल्या वाक्यात अडखळली, दुसरं सरळ गेलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या वर्षी पडद्यावर आठ ओळी मावायच्या, मग पाच. आता एका वेळी तीन-चार शब्द मावतात आणि पान सरकवायला मी बाजूला बसतो. ती "हं" म्हणाली की मी बटण दाबतो. कधी घाईने आधीच दाबतो, मग ती म्हणते, "मागे घ्या." मी मागे घेतो.