कलकत्त्यात चढ शोधणारे दाजी

कलकत्ता सपाट आहे या गोष्टीचा माझ्या दाजींइतका वैयक्तिक राग आजवर कुणालाच आला नसेल. माणसं तिथल्या घामावर चिडतात, ट्रामच्या गर्दीवर चिडतात. दाजी थेट जमिनीवर चिडायचे. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे साताऱ्याकडचे, डोंगराच्या कुशीतल्या गावचे. केंद्र सरकारच्या नोकरीने त्यांना उचलून बालीगंजमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं होतं. सत्तर सालच्या सुमारास मला तिथे बँकेत नोकरी लागली आणि मीही त्यांच्याकडेच राहायला गेलो. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला गच्चीवर नेलं, चहूकडे हात फिरवला आणि घरात कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाले, "बघ. कुठे एक तरी उंचवटा दिसतो का?"

दिसत नव्हता. मला त्याचं काही वाटलंही नाही, कारण चालणं हा प्रकार मला मुळातच आवडत नाही. पण दाजींनी गावाहून एक धनगरी कुत्रा आणला होता, वासराएवढा, सुभेदार नावाचा, आणि त्याला फिरवायला रोज मला बरोबर जावं लागे. "हे मी माझ्यासाठी करत नाही," ते बजावत. "याच्या पायांची घडणच चढाची आहे. सपाटीवर असं जनावर झुरतं." सुभेदार झुरताना मला कधी दिसला नाही. खालचे बंगाली बाबू त्याला 'शुबेदार बाबू' म्हणून हाक मारत आणि रुई माशाचं डोकं खाऊ घालत. दाजींनी त्यांना एकदा डोंगरांबद्दल विचारलं, तर ते कळवळून म्हणाले, "हाम भी पहाड़ गिया था, दादा. बहुत शर्दी लाग गिया." त्यानंतर दाजींनी महिनाभर त्यांच्याशी फक्त पावसापाण्याचं बोलणं ठेवलं.

चढ नाही म्हटल्यावर दाजी तो शोधू लागले. तळ्याकाठचा बांध झाला, एका कारखान्यामागचा राखेचा ढीग झाला. शेवटी स्टेशनवरचा पादचारी पूल पसंत पडला. या जिन्याने वर, त्या जिन्याने खाली, असे वीस फेरे, पुढे कुत्रा, मागे दाजी, त्यांच्यामागे हताश मी. एका तिकीट तपासनीसाला आमचा संशय आला. "आपको जाना कहाँ है?" त्याने दरडावून विचारलं. दाजी क्षणभर विचारात पडले आणि अगदी खरं ते बोलले, "ऊपर."

बदलीसाठी ते दर सहा महिन्यांनी अर्ज करत. आधी हवामान मानवत नाही असं लिहिलं, मग म्हातारी आई एकटी असते असं लिहिलं. दोन्ही नामंजूर झाले. तेव्हा त्यांनी चिडून सरळ कारण दिलं, 'येथे चढ नाही.' त्यावर नकार नेहमीपेक्षा लवकर आला. तो कागद हातात घेऊन ते बराच वेळ खिडकीशी उभे होते. बाहेर शहराचे दिवसही वाईट होते. भिंतीभिंतींवर घोषणा, अधूनमधून संचारबंदी, अंधार पडायच्या आत सगळी दारं बंद. दाजी हळूहळू बोलेनासे झाले.

अशातच एका नाताळात त्यांनी अचानक जाहीर केलं की सुभेदारला छोटा नागपूरच्या पठारावर न्यायचं. त्यांनी कुठूनसा नकाशा मिळवला होता आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीने फेरी आखली होती: डाकबंगल्यापासून टेकाडावर, वरच्या माळावरून पलीकडच्या दरीत, ओढ्याच्या काठाकाठाने परत. पाच तासांची चाल. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला आणि गेलो.

चढणीला लागताच सुभेदार सुसाट सुटला. पाच वर्षं मासे खाल्लेलं ते जनावर बाणासारखं माथ्यावर जाऊन उभं राहिलं आणि वळून आमच्याकडे बघू लागलं. दाजी मात्र अर्ध्यावरच एका दगडावर टेकले. मला वाटलं, देखावा बघताहेत. जवळ गेलो तर ओठ निळसर झालेले, त्या थंडीतही कपाळावर घाम.

"डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलंय," श्वास सापडल्यावर ते म्हणाले. "जिनासुद्धा जपून चढायचा."

रोज घरी येताना प्रत्येक मजल्यावर थांबून ते कुत्र्याला का थोपटत, हे मला तेव्हा कळलं.

"ताईला बोलू नकोस. आणि तू जा पुढे. एवढं लांब आलोय, पुरी फेरी कुणीतरी केलीच पाहिजे. आल्यावर मला सगळं सांग."

मी त्यांना सोडून जायला तयार नव्हतो. पण ते असे काही बघत होते, की गेलो. माथ्यावरून सुभेदार माझ्याबरोबर शंभर पावलं आला, थबकला आणि उलटा पळत दाजींकडे गेला. अशा रीतीने ज्याला चालायचा तिटकारा तो मी, ना कुत्रा ना मालक, एकटाच तो पिवळ्या गवताचा माळ तुडवत गेलो, दरीत उतरलो, ओढ्यात दोनदा पडलो. परतलो तेव्हा ते दोघं डाकबंगल्याच्या पायरीवर बसले होते. दाजींनी खोदून खोदून विचारलं. वारा कसा होता? दरीत उतरताना पाऊलवाट दगडी की मातीची? मी जे पाहिलं ते सांगितलं, नव्हतं पाहिलं तेही सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. बदली झालीच नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मला राहवलं नाही. ताईला सगळं सांगून टाकलं.

ती शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक होतं. डॉक्टरांची चिठ्ठी मीच वाचून ह्यांच्या कोटात परत ठेवली होती."

"मग जाऊ का दिलंस त्यांना?"

"फार वर्षांनी हसून काही मागत होते रे," ती म्हणाली.

सुभेदार दाराशी पसरला होता. ताईने डोळे पुसले, पदर खोचला, खुंटीवरची साखळी काढली आणि त्याच्या गळ्यात अडकवायला वाकली. ती कशी लावतात हे तिला ठाऊक नव्हतं. सुभेदार उठला आणि मान वर करून, तिला जमेपर्यंत तसाच उभा राहिला.